आमचे आबा आणि बियाण्याची कणगी

शेतकीच्या मासिकांतून बीं, खत, अवजारें, कीड व बाजारभाव यांविषयीं वेळोवेळीं पुष्कळ मजकूर येत असतो, आणि तो यावयासच पाहिजे. परंतु ज्यांनीं आम्हांस शेतांत प्रथम उभें केलें, बैलाचा कासरा हातीं दिला आणि जमिनींतील ओल कशी ओळखावी हें तोंडानें न सांगतां दाखविलें, त्या घरांतील वृद्धांविषयीं सहसा कोणी लिहीत नाहीं. वाचकांपैकीं बहुतेकांचें पहिलें शेतकी शिक्षण कोणत्याही शाळेंत न होतां आजोबांच्या मागें बांधाबांधानें हिंडतांना झालें असेल, असें आम्ही धरून चालतों. म्हणून या अंकीं आमच्या आजोबांविषयीं चार गोष्टी सांगण्याची परवानगी घेतों. ते कोणी नामांकित गृहस्थ नव्हते. तालुक्याबाहेर त्यांस कोणी ओळखीतही नसे.

आमचें गांव सोलापूर जिल्ह्यांत, मंगळवेढ्याच्या दक्षिणेस आहे. हा मुलूख काळ्या, खोल, चिकण जमिनीचा. जिल्ह्याचें पर्जन्यमान सरासरीनें २० ते २२ इंच, आणि तेंही बेभरंवशाचें. मृगाचा पाऊस पडला तर पडला. खरी भिस्त उत्तरा व हस्त या नक्षत्रांवर. यामुळें येथील कुणबी पावसाळ्यांत जमीन रिकामी ठेवून तिच्यांत पाणी मुरवितो आणि भाद्रपद-आश्विनांत शाळू पेरतो. पुढें बहुधा थेंबही पडत नाहीं. जमिनीनें पोटांत धरून ठेविलेल्या ओलीवरच पीक माघ-फाल्गुनांत काढणीस येतें. मंगळवेढ्याच्या या ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. आबा तोंवर हयात असते तर, ‘त्यानें भाकरी अधिक गोड लागते काय?’ असें त्यांनीं खचित विचारलें असतें.

आबांचें वय त्यांचें त्यांसच ठाऊक नव्हतें. १९१८ सालच्या इन्फ्ल्युएंझाच्या साथींत, जिला आमच्याकडे मानमोडी म्हणत, त्यांचे आईबाप आठ दिवसांच्या अंतरानें गेले; आणि ‘तेव्हां मला मिसरूड फुटत होतें’ एवढा एकच दाखला ते देत. त्यावरून त्यांचा जन्म विसाव्या शतकाच्या प्रारंभाचा असावा. धाकट्या दोन भावंडांस त्यांनींच वाढविलें. अक्षरओळख नव्हती, कागदावर आंगठा करीत. परंतु कोणत्या सालीं कोणत्या पट्टींत किती पायल्या झाल्या, हें विचारतांच तोंडानें सांगत. अंगानें उंच व सडपातळ, डोक्यास पांढरें मुंडासें, खांद्यावर घोंगडें, आणि कमरेस चांदीचा करगोटा. तो करगोटा हीच काय ती त्यांची चैन होती.

त्यांनीं आम्हांस कधीं मारलें नाहीं, आणि उगाच कुरवाळलेंही नाहीं. त्यांची माया निराळ्या रीतीनें दिसे. पहांटे दारांतून ‘चल लेकरा’ एवढेंच शब्द येत, आणि आम्ही डोळे चोळीत मागें धांवूं. सायंकाळीं ते एकटे परत आले तर धोतराच्या सोग्यांत बोरें, शेंदाडें किंवा हरभऱ्याचे घाटे हटकून असावयाचे. सहा नातवंडांत ते समान वांटीत; मात्र जें त्या दिवशीं शेतांत त्यांच्याबरोबर राबलें असेल त्यास एक घाटा अधिक मिळे, आणि या न्यायाविरुद्ध आजीकडेही दाद लागत नसे.

आम्हांस पहिलें काम मिळालें तें कुळवावर वजन म्हणून बसण्याचें. मोठा मनुष्य कुळवावर उभा राहिला तर बैलांस जड होतें, नुसता दगड ठेवला तर तो ढेकळावर उडतो. आठ वर्षांचें पोर मात्र अगदीं बेताचें पडतें, असा आबांचा अनुभव होता. खिलारी जोडी पुढें, मागें आबा, आणि मध्यें आम्ही दोन्ही हातांनीं दांडी धरून बसलेले. नाकातोंडांत माती जाई, पण त्या आसनाचा मोह आम्हां भावंडांस इतका असे कीं पाळी ठरवून द्यावी लागे.

पेरणीच्या आधीं आबा अनवाणी पायांनीं सारें शेत फिरत. ठिकठिकाणीं टांच रोंवून पाहत, वीतभर खोलीवरील माती काढून तिचा मुठींत गोळा करीत, आणि तो कमरेच्या उंचीवरून खालीं सोडीत. गोळा पडून दोन-तीन तुकडे झाले कीं शेत वाफशावर आलें. चपटा होऊन बसला तर थांबावयाचें. भुगा झाला तर त्या पट्टीपुरती वेळ गेली म्हणावयाची. आम्हीही शेजारीं उभे राहून आमचा लहान गोळा सोडीत असूं. आमचा गोळा पाहून ते ‘काय म्हणतो?’ असें गंभीरपणें विचारीत, आणि आम्हीं दिलेलें उत्तर ऐकून घेत. एवढ्या वडील माणसानें आपला कौल विचारावा, याचा आम्हांस केवढा अभिमान वाटे!

बीं ते विरळ पेरीत. पाभरीमागें चाड्यावर मूठ धरण्याचें काम आजीचें, आणि तिच्या मुठींतून एकरीं आजच्या मापानें चार किलोंपेक्षां अधिक दाणा जात नसे. दोन ओळींत अंतर एक हात. ‘एका ताटांत दोघे बसले तर दोघेही उपाशी उठतात’ असें ते दाट पेरणाऱ्यांस म्हणत, आणि लोक हंसत. पुढें आम्ही पुस्तकें वाचूं लागलों तेव्हां कळलें कीं सोलापुरास १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र निघालें होतें, आणि तेथील प्रयोगांवरून जी पद्धति ठरविली गेली तिच्यांत बांधबंदिस्ती, शेणखत, कमी बीं, १८ इंचांचें अंतर व वारंवार कोळपणी हींच कलमें होतीं. आबा त्या केंद्रावर कधीं गेले नव्हते. एका बाबतींत मात्र त्यांचें व केंद्राचें जुळलें नसतें. तीन वर्षांतून एकदां खोल नांगरट करावी असें केंद्राचें सांगणें. आबांस खोल नांगर मुळींच मानवत नसे, ‘भुईचें पोट उघडूं नये’ म्हणत. आमच्या मतें येथें केंद्राचेंच बरोबर होतें, आणि पुढें आम्हीं तसें केल्यावर हरळी कमी झाली.

कोळपणीविषयीं मात्र कोणी त्यांस शिकवावें असें नव्हतें. तिसऱ्या आठवड्यांत पहिली, पांचव्यांत दुसरी, आणि आठव्यांत, काळ्या रानास भेगा पडूं लागल्या म्हणजे, दांतेरी कोळप्यानें तिसरी. भेग म्हणजे ओल निघून जाण्याचें दार. तें मातीनें बुजविलें पाहिजे. या तिसऱ्या कोळपणीच्या वेळीं पीक कमरेस लागलेलें असे आणि बैल ताटें मोडूं पाहत; म्हणून त्यांच्या तोंडास मुसकीं बांधून आम्हांस पुढें चालावयास लावीत. बैलांचा ऊन श्वास मानेवर घेत ओळीनें चालणें, आणि मागून आबांचा ‘हळू, हळू’ असा आवाज. तो बैलांस उद्देशून कीं आम्हांस, हें कधींच कळलें नाहीं.

विहिरीवर तेव्हां मोट होती. दोन एकर बागाईत तेवढें तिच्यावर भिजे. बैल धांवेवरून उतरूं लागले कीं आम्ही ताणलेल्या नाड्यावर बसून खालपर्यंत जात असूं; वर थारोळ्यांत पाणी कोसळल्याचा आवाज येई आणि आबांच्या गाण्याची ओळ तेथेंच तुटे. बैल मागें चढूं लागले कीं ती पुन्हां सुरू होई. गळा कांहीं गोड नव्हता. परंतु गाणें थांबलें कीं बैलही थांबत, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. १९६९ च्या सुमारास ऑइल इंजिन आलें व मोट गोठ्यांत पडली. इंजिनानें काम हलकें झालें यांत शंका नाहीं, आणि मोटेसाठीं हळहळणाऱ्यांनीं एक दिवस बैलांबरोबर धांवेवर चढउतार करून पाहावी असें आम्हांस वाटतें. आबा त्या इंजिनाजवळ मात्र उभे राहत नसत.

पौष महिन्यांत कणसांत चीक भरला कीं पांखरांची धाड पडे, आणि आमचें बिऱ्हाड माळ्यावर जाई. दिवसभर गोफण फिरवावयाची, रात्रीं आबांच्या घोंगड्यांत शिरावयाचें. सकाळीं आगटींत गोवऱ्यांचा विस्तव करून गूळभेंडीचीं कणसें भाजीत, आणि आबा आपल्या तळहातावर तीं चोळून हुरडा आमच्या ओंजळींत घालीत. त्यांचे तळहात इतके निबर होते कीं निखाऱ्यावरचें कणीस ते सहज उचलीत. आम्हांस चटका बसूं नये म्हणून फुंकर घालून, एक दाणा आधीं स्वतः तोंडांत टाकून, मग देत. हुरड्याच्या पार्ट्या हल्लीं तिकीट लावून होतात व त्यांत कांहीं वाईट नाहीं, शेतकऱ्यास चार पैसे मिळतात. परंतु त्या ओंजळीची चव आम्हांस पुन्हां आली नाहीं.

माळ्यावरच आम्हीं त्यांच्या तोंडून दामाजीपंतांची कथा ऐकली. मंगळवेढ्याच्या लेंकरास ती नवी नसते. दुष्काळांत बादशहाचीं कोठारें रयतेस लुटूं देणारा हा अधिकारी, आणि त्याची भरपाई करावयास महाराचें रूप घेऊन बेदरास गेलेला विठोबा. आबा सांगत तेव्हां विठोबावर फार वेळ थांबत नसत. कोठारांत किती प्रकारचें धान्य असेल, पेवें किती असतील, बीं वेगळें काढलें होतें कीं नाहीं, यांवर त्यांचा भर असे. ‘बीं ठेवलें असलें पाहिजे. नाहीं तर पुढल्या सालीं काय पेरलें असतें?’ असें ते दर वेळीं म्हणत.

बियाणें निवडण्याची त्यांची रीत अशी होती. पीक उभें असतांनाच ते शेताच्या मध्यभागीं शिरत. बांधाकडील कणसें घेत नसत, कारण बांधाकडील ताटास जागा अधिक मिळून तें उगाच माजतें. भोंवतालच्या ताटांइतकीच जागा मिळूनही जें ताट सरस आलें, ज्याचा दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा, आणि ज्याचा कडबा किडीवांचून नीट उभा, त्याच्या कणसास ते चिंधी बांधीत. चिंध्या आमच्या खिशांत असत. अशीं कणसें वेगळीं मळून, उन्हांत खडखडीत वाळवून, राख व कडुलिंबाचा पाला घालून माजघरांतील कणगींत भरीत आणि तोंड शेणमातीनें लिंपून टाकीत. जात मालदांडीच. मोहोळच्या केंद्रावर याच स्थानिक मालदांडींतून निवड करून ३५-१ हा वाण काढला गेला, व तो आज एवढ्या वर्षांनंतरही रब्बींत पेरला जातो. त्याची निवड शास्त्रशुद्ध, आबांची अडाणी, पण दोन्हींत उभ्या पिकांतून चांगलें ताट हुडकणें हेंच मूळ होय.

खाण्याची ज्वारी पेवांत राही. वर्षभर बंद असलेलें पेव उघडलें कीं त्यांत लगेच उतरणें हें प्राणाशीं खेळणें आहे. कोंडलेल्या दाण्याच्या श्वासानें आंतील प्राणवायु सरतो आणि जड विषारी हवा तळाशीं बसते. आबा तोंड उघडून एक दिवस तसेंच ठेवीत, मग दोरीला कंदील बांधून आंत सोडीत. कंदील विझला तर आणखी थांबत. आम्हांस तेव्हां दहा पावलें दूर, लिंबाखालीं बसवून ठेवीत, आणि तेवढ्या एका प्रसंगीं त्यांचा आवाज कठोर होई.

१९७० पासून पावसानें हात आंखडता घेतला. आमच्या घरचें शेवटचें चांगलें खळें १९७१ च्या उन्हाळ्यांत झालें, आणि १९७२ सालीं उत्तरा व हस्त दोन्ही कोरडीं गेलीं. पाभर छपरांतून खालीं काढलीच नाहीं. पेव केव्हांच रितें झालें होतें. आम्ही तेव्हां दहा वर्षांचे होतों. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. १९७३ च्या मे महिन्यांत साऱ्या राज्यांत त्यांवर सुमारे ५० लक्ष माणसें राबत होतीं. आमच्या घरचीं चार माणसें खडी फोडावयास जात, आणि सत्तरी ओलांडलेले आबा त्यांत होते. बारा एकरांच्या धन्यानें खडी फोडावी हें कांहीं भाऊबंदांस कमीपणाचें वाटलें व त्यांनीं तसें बोलूनही दाखविलें. आबा हातोडा घेऊन उठले आणि कामावर गेले. बैलजोडी छावणींत बांधली होती; रात्रीं ते तेथेंच तिच्याजवळ निजत.

कामावर सुकडी मिळे, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेला मिलो. त्याची भाकरी तांबूस व रुक्ष होई, थापतांना मोडे. मालदांडीच्या पांढऱ्या भाकरीवर वाढलेल्या पोरांस ती घशाखालीं उतरेना. आणि माजघरांत, आमच्या निजण्याच्या जागेपासून चार हातांवर, ती लिंपलेली कणगी उभी होती. तिच्यांत सारी मिळून पन्नास किलो ज्वारी असेल. आम्हां मुलांस ती रात्रीं अंधारांतही दिसत असे.

उन्हाळ्यांत आमच्या धाकट्या भावास जुलाब लागले. दहा-बारा दिवसांत पोराचीं हाडें दिसूं लागलीं. दवाखान्याचें औषध चालू होतें, पण मिलो त्याच्या पोटांत ठरत नव्हता. एके रात्रीं आजीनें आबांपुढें विषय काढला.

“ऐकलंत का? एक पायली काढूं या. पोरापुरती. पेज करून देतें.”

आबा बोलले नाहींत. उठून कणगीपाशीं गेले, लिंपणावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. आमचे वडील म्हणाले, “आबा, पोरगं जगलं तर बियाणं.” यावरही ते कांहीं बोलले नाहींत. घोंगडें खांद्यावर टाकून बाहेर पडले ते त्या रात्रीं परतलेच नाहींत. वडिलांस राग आला होता, आणि आजी देवापुढें बसून होती.

दुसऱ्या दिवशीं उन्हें कलल्यावर आबा मंगळवेढ्याहून पायीं आले. उपरण्याच्या गांठोड्यांत दोन पायल्या पांढरी ज्वारी होती आणि गुळाचा लहान खडा होता. गांठोडें जात्यापाशीं ठेवून ते अंग धुवावयास बसले, तेव्हां कमरेस करगोटा नव्हता. जेथें तो असे तेथें कातडीवर फिकट वळा तेवढा उमटलेला होता. आजीनें तो पाहिला, आम्हींही पाहिला. ती उठली व दळावयास बसली. भाऊ त्या पेजेनें व औषधानें बरा झाला. आज तो आमच्याहून धडधाकट आहे.

१९७३ चा पावसाळा चांगला गेला. भाद्रपदांत कणगीचें तोंड फोडलें, तेव्हां दाण्यास कीड नव्हती. पण बीं दोन वर्षांहून जुनें, म्हणून आबांनीं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत बांधले. चौथ्या दिवशीं मोड मोजावयास आम्हांस बसविलें. ऐंशींवर मोड निघाले. तेव्हां त्यांनीं आजीस मूठ किंचित् सैल धरावयास सांगितलें, एवढेंच.

पण पेरणीपूर्वीं आणखी एक गोष्ट घडली. शेजारचीं दोन घरें बियाणें मागावयास आलीं. त्यांनीं आपलें बीं आदल्या सालीं खाऊन टाकलें होतें, आणि त्यांत त्यांचा दोष होता असें कोण म्हणेल? बाजारांत जें मिळत होतें त्याची उगवण कशी होईल याची खात्री नव्हती. आबांनीं अर्धी कणगी त्या दोघांस मापून दिली. आपल्या बारा एकरांपैकीं सहांतच शाळू पेरावयाचा, उरलेल्यांत करडई व हरभरा, असें ठरविलें. वडिलांस हें मुळींच रुचलें नाहीं. घरावर तगाईचें देणें होतें, दुसऱ्यास बीं देऊन आपण अर्धें शेत मोडावें हा कुठला हिशेब, आणि द्यावयाचेंच तर निदान वाढीदिढीनें द्यावें, असें ते म्हणाले. वडिलांचें म्हणणें अवास्तव नव्हतें. संसार त्यांस चालवावयाचा होता. आबांनीं ‘नेलें तेवढेंच परत आणा’ असें सांगून मापें दिलीं, आणि बापलेकांत पंधरा दिवस बोलणें नव्हतें. त्या पंधरा दिवसांत दोघांचे निरोप इकडून तिकडे नेण्याचें काम आमच्याकडे होतें.

१९७४ च्या फाल्गुनांत खळें झालें. तिवड्याभोंवतीं बैल फिरले, वावडीवर उभे राहून वडिलांनीं उफणलें, रास पुजली, आणि आबा मापावयास बसले. पहिल्या मापास ‘एक’ म्हणावयाचें नाहीं, ‘लाभ’ म्हणावयाचें, व मापणी संपेपर्यंत कोणी बोलावयाचें नाहीं, ही चाल वाचकांस ठाऊक आहेच. करडईचा भाव त्या सालीं बरा लागला व तगाईचा हप्ताही फिटला. शेजाऱ्यांचीं बियाण्याचीं मापें महिन्याच्या आंत परत आलीं; त्यांपैकीं एकानें शीग लावून माप भरलें होतें, तें आबांनीं हातानें सारखें करून वरचे दाणे त्याच्या पदरांत परत घातले. करगोटा पुन्हां केला नाहीं. वडिलांनीं दोनदां विषय काढला, पण आबांनीं तो टाळला.

ते १९८३ च्या पौषांत गेले. चार दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं आम्हांस मळ्यांतून एक कणीस आणावयास सांगितलें. निजल्या निजल्या दोन दाणे नखानें दाबून पाहिले, चीक बोटास लागला तो पाहिला, आणि ‘अजून आठ दिवस’ म्हणाले. त्या वर्षीं आमच्या शेतावर हुरडा झाला नाहीं.

दोन वर्षांनीं चुलते व वडील यांची वांटणी झाली. जमीन, विहिरीच्या पाळ्या, बैल, भांडीं हें सर्व चार पंचांदेखत निभावलें. थोडी कुरबूर झाली, ती कोठें होत नाहीं? शेवटीं कणगी राहिली. ती फोडून बियाणें मापावयास चुलते बसले. पहिली पायली भरतांना त्यांनीं ‘लाभ’ म्हटलें, आणि मग मापणी संपेपर्यंत माजघरांत कोणी बोललें नाहीं. आमच्या वांट्यास सात पायल्या आल्या. त्या आम्हीं त्याच हस्तांत विहिरीवरच्या पट्टींत पेरल्या, आणि चिंध्या बांधावयास धाकट्या भावास बरोबर नेलें.